तेलविहिरीचा चिखल आणि रानातलं गांडूळ



गांडूळखताच्या बेडमध्ये आपण जे लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेलं गांडूळ सोडतो, आयसेनिया फेटिडा, त्याला १९८४ सालापासून एक जोडधंदा आहे. एखादं रसायन किंवा कारखान्याचा कचरा जमिनीला किती बाधतो हे बघायचं असलं की प्रयोगशाळेत तो मातीत कालवतात, त्यात ही गांडुळं सोडतात आणि चौदा दिवसांनी मोजतात, किती जगली, किती मेली. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेनं ही चाचणी त्या वर्षी ठरवून दिली. तेलाच्या विहिरी खोदताना निघणाऱ्या चिखलाचा जमिनीवर काय परिणाम होतो, या अभ्यासातही बऱ्याचदा साक्षीला हेच गांडूळ उभं असतं.

आजची नोंद त्या चिखलाच्या इतिहासाची. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? तेल देणारी विहीर आपल्या महाराष्ट्रात जमिनीवर नाही. आपलं तेल १९७४ साली 'सागर सम्राट' जहाजानं मुंबईपासून लांब समुद्रात शोधलं. पण "कचरा आहे खरा, पण जमिनीला चांगला असतो, फुकट टाकून देतो" हे वाक्य आपल्यातल्या पुष्कळांनी ऐकलंय. मीही ऐकलं होतं आणि हो म्हटलं होतं. त्यावर शेवटी येतो.

आधी हा चिखल लागतो कशाला ते बघू. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी एडविन ड्रेकनं तेलाची विहीर पाडली. खोली साडेएकोणसत्तर फूट, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या खोल विहिरीएवढीच. तेव्हा दोरखंडाला जड पहार बांधून ती आपटत आपटत भोक पाडायचे आणि भुगा लांबट डब्यानं उपसायचे. कचरा म्हणजे फोडलेला दगड, फार तर दोन-चार गाड्या.

मग फिरत्या पाइपनं खोदण्याची पद्धत आली. पाइपातून पाणी आत दाबायचं, ते तळाशी जाऊन भुगा घेऊन पाइपाच्या बाहेरून वर येतं. आपल्याकडे बोअर मारताना हेच काम कॉम्प्रेसरची हवा करते आणि पांढरी धूळ सगळ्या शिवारावर बसते. खोल तेलविहिरीत नुसत्या हवेवर भागत नाही. टेक्सासमध्ये बोमाँट गावाजवळ स्पिंडलटॉप नावाची टेकडी आहे. तिथं खोदणाऱ्यांना वाहती वाळू लागली. पाणी आत सोडलं की भिंत ढासळायची. त्यांनी म्हणे शेजारच्या डबक्यात गुरं घालून ती फिरवली, पाणी गढूळ केलं आणि तो चिखल विहिरीत सोडला. चिखलाचा लेप भिंतीला बसला आणि वाळू थांबली. १० जानेवारी १९०१ रोजी त्या विहिरीतून तेलाचं कारंजं उडालं ते नऊ दिवस आवरलं नाही. गुरांची गोष्ट किती खरी, किती रंगवलेली, कोण जाणे. पण तेलाच्या धंद्यात आजही ती अशीच सांगतात. मला ती आवडते, कारण त्या पहिल्या चिखलात माती, पाणी आणि फार तर शेण एवढंच असणार. तो रानात सांडला असता तर कुणाचंच वाईट झालं नसतं.

पुढे मात्र त्या चिखलात एकेक जिन्नस पडत गेला. बेन्टोनाईट आलं. बेन्टोनाईट गंधकाच्या पिशवीमुळे ते आपल्याला माहीत आहे, पाण्यात फुगणारी चिकणमाती. मग विहीर खोल गेली, खालून वायूचा दाब यायला लागला, तेव्हा चिखल जड करायची गरज पडली. १९२० च्या दशकात लुईझियानाकडे बराइट वापरायला सुरुवात झाली. बराइट म्हणजे बेरियम सल्फेट, पाण्याच्या चौपटीहून जड दगड. आपल्या देशात त्याचा मोठा साठा आंध्रात मंगमपेटला आहे आणि तिथला माल जगभरच्या तेलविहिरींवर जातो. त्यानंतर कॉस्टिक सोडा आला, क्रोमियम असलेली रसायनं आली, पोटॅश आणि साधं मीठ आलं. काही थरांतली माती पाण्यानं फुगते, म्हणून पाण्याऐवजी डिझेलमध्ये कालवलेला चिखल आला. विहीर पुरी झाली की हे सगळं, वर हजारो फुटांखालचा दगडाचा भुगा आणि त्याला चिकटलेलं थोडं तेल, एवढा ऐवज उरतो.

तो ठेवायचा कुठं? रिगच्या शेजारी एक खड्डा खणायचा आणि त्यात सोडायचा. काम झालं की वरचं पाणी आटू द्यायचं आणि माती लोटून बुजवायचं. कितीतरी वर्षं हीच रीत होती आणि तो खड्डा बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतात किंवा कुरणात असायचा. १९८५ या एका वर्षात अमेरिकेत खोदाईचा असा कचरा अंदाजे ३६ कोटी बॅरल निघाला. बॅरल म्हणजे १५९ लिटर. तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी तर सुमारे २,१०० कोटी बॅरल. हे आकडे तेल उद्योगाच्याच पाहणीतले, तिथल्या पर्यावरण खात्यानं १९८७ साली संसदेपुढे ठेवलेले.

आता कायदा काय म्हणत होता ते ऐका. अमेरिकेत घातक कचऱ्याचा कायदा झाला, पण १९८० साली त्यात दुरुस्ती करून खोदाईचा चिखल आणि खारं पाणी तात्पुरतं बाहेर ठेवलं, अभ्यास होईपर्यंत. अभ्यास झाला. १९८८ साली पर्यावरण खात्यानं ठरवलं की तो बाहेरच राहू दे, राज्यांचे नियम पुरे आहेत आणि घातक कचऱ्याचे नियम लावले तर उद्योगाला खर्च फार पडेल. 'तात्पुरतं' या शब्दाचा अर्थ सरकारी कागदावर काय होतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

या सगळ्या ऐवजात गांडुळाचा पहिला वैरी कोण, असं कुणाला विचारलं तर उत्तर येतं, तेल. मला वाटतं, बऱ्याच ठिकाणी पहिला वैरी मीठ आहे. गांडुळाला फुप्फुस नाही. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं, म्हणजे त्याची कातडी सतत ओली राहिली पाहिजे. मिठात घातलेली कैरी जशी पाणी सोडते, तसं खारवट मातीत गांडुळाचं अंग पाणी सोडतं. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश विद्यापीठात मीठ आणि गांडूळ यांवर बरेच प्रयोग झालेत. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. गांडूळ मरायला जेवढं मीठ लागतं, त्याच्या बरंच आधी ते कोष घालणं कमी करतं. म्हणजे रानात मेलेलं एकही गांडूळ दिसत नाही, फक्त पुढची पिढी येत नाही.

मिठातला सोडियम दुसरं काम करतो, ते सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसवाल्यांना आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींना सांगायची गरज नाही. मातीचे कण सुटे होतात, पावसानंतर वर पापडी धरते, पाणी मुरत नाही. जमीन चोपण होते. अशा जमिनीत वाट काढायला गांडुळाला हवा नाही आणि भोक टिकत नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याच्या ओसेज भागात जुन्या काळापासून तेल काढलं. तिथं खारं पाणी खड्ड्यांत आणि ओढ्यांत सोडलं जायचं. स्किआटुक तलावाच्या काठावर अशा जुन्या जागांचा तिथल्या भूगर्भ खात्यानं या शतकाच्या सुरुवातीला अभ्यास केला. पाणी सोडणं बंद होऊन कित्येक वर्षं झाली तरी तिथं उघडे डाग होते, गवत नाही, वरची माती वाहून गेलेली. त्या डागांचे फोटो बघितले की आपल्याकडचा चोपण रानाचा तुकडा आठवतो.

तेलाचं म्हणाल तर ताजं, हलकं तेल कातडीला लागलं की गांडूळ सुस्त पडतं आणि मरतं. जुनं, मुरलेलं तेल तितकं मारत नाही. पण तेल म्हणजे नुसता कार्बन. जिवाणू तो खायला बसतात तेव्हा मातीतला ऑक्सिजन आणि नत्र दोन्ही ओढतात. कच्चा पाचट नांगरून लगेच पीक घेतलं की ते पिवळं पडतं, तसाच प्रकार, फक्त जास्त जोराचा. यातही दुसरी बाजू आहे. तेलाचं प्रमाण सहन होण्याइतकं खाली आलं की मग गांडुळंच उरलेलं तेल संपवायला मदत करतात. ती माती उलटीपालटी करतात, हवा खेळवतात, जिवाणू एकीकडून दुसरीकडे नेतात. म्हणून लवकर सोडली तर मरतात आणि वेळेवर आली तर काम करतात.

बराइटचं गणित वेगळं आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून गांडुळाच्या पोटातून बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. बेरियमची विरघळणारी रूपं मात्र विषारी आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २००५ साली मातीतल्या किड्या-गांडुळांसाठी बेरियमची सावधगिरीची रेषा ३३० मिलिग्रॅम प्रतिकिलो अशी आखली. बराइट पडलेल्या जमिनीत एकूण बेरियम याच्या कितीतरी वर निघतो आणि तरी गांडुळं दिसू शकतात. कंपनी म्हणते, बघा, काही होत नाही. विरोध करणारा म्हणतो, बघा, मर्यादेच्या किती वर आहे. माती परीक्षणाचा कागद वाचणाऱ्याला यातली गोम लगेच कळेल. एकूण स्फुरद आणि उपलब्ध स्फुरद यांत जो फरक, तोच इथं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतानं २००९ साली बराइटसाठी वेगळी नियमावली काढली, ती याच कारणानं. फक्त एक लक्षात ठेवायचं. पाणी साचून हवा बंद झाली, भाताच्या खाचरासारखी स्थिती आली, तर काही जिवाणू सल्फेट फोडतात आणि बेरियम मोकळा होऊ शकतो. म्हणजे माळरानावर निरुपद्रवी असलेली गोष्ट खोलगट रानात तशीच राहील असं नाही.

आता खड्ड्यातून हा चिखल शेतावर कसा आला ते सांगतो, कारण माझ्या दृष्टीनं खरा इतिहास इथं सुरू होतो. खड्डे पुरत नाहीत, बुजवलेले खड्डे पुढे त्रास देतात, मग कुणीतरी म्हणालं की पातळ थर करून मोठ्या जमिनीवर पसरा, मातीत मिसळा, तेल जिवाणू खातील, मीठ पावसात धुपेल, चिकणमाती जमिनीला मिळेल. याला लँडफार्मिंग म्हणतात. अल्बर्टात गव्हाच्या आणि कुरणांच्या जमिनीवर हे नियमानं चालतं. तिथं कचरा विषारी आहे का हे बघायची एक चाचणी उजेड देणाऱ्या जिवाणूवर घेतात. विष असलं की उजेड मंदावतो. झटपट होते, स्वस्त आहे. पण तो जिवाणू समुद्रातला! त्याला मुळात खाऱ्या पाण्यातच ठेवतात, त्याला मिठाचं काय कळणार. मिठासाठी वेगळी मर्यादा त्या नियमांत आहे, हे खरं. तरी शेताच्या मातीचा दाखला समुद्राच्या जिवाणूकडून घ्यायचा, हे वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसलो.

न्यूझीलंडचा तारानाकी भाग तर आपल्या दूधवाल्यांनी आवर्जून बघावा. तारानाकी म्हणजे दुधाचं आगर आणि तेलाचंही. न्यू प्लिमथजवळ तेलासाठी खोदाई १८६० च्या दशकात झाली, म्हणजे ड्रेकच्या विहिरीनंतर दहा वर्षांच्या आत. तिथल्या समुद्रकाठच्या काही जमिनी नुसत्या उडत्या काळ्या वाळूच्या. त्यावर खोदाईचा चिखल पसरला, मिसळला, वर माती ओढली, गवत लावलं आणि गाई सोडल्या. २०१३ साली तिथल्या प्रादेशिक परिषदेसाठी डग एडमीड्स या मृदाशास्त्रज्ञानं पाहणी केली. त्यांचं म्हणणं, ही जमीन चराईला योग्य आहे आणि तिची किंमत पूर्वीच्या कित्येक पट झाली आहे. खोटं म्हणता येत नाही. वाळूला चिकणमाती मिळाली तर पाणी धरणारच. पण त्याच अहवालात असंही आहे की चिखलाबरोबर पाणी दिलं, खतं दिली, सुधारित गवत लावलं. मग जमीन सुधारली ती चिखलानं की पाण्या-खतानं? शेजारच्या तेवढ्याच वाळूत फक्त पाणी आणि खत देऊन पाहिलं तरच कळेल. आपल्याकडे कंपनीच्या प्लॉटवर औषध नवं, बियाणं नवं, ठिबक नवं आणि नाव मात्र औषधाचं, असं आपण नेहमी बघतो.

त्याच वर्षी फोंटेरा या दूध कंपनीनं जाहीर केलं की नव्या लँडफार्मवरचं दूध आम्ही घेणार नाही. दुधात काही सापडलं असं त्यांनी म्हटलं नव्हतं. चाचण्यांचा खर्च आणि गिऱ्हाईकाचा विश्वास हा प्रश्न होता. २०१४ साली संसदेच्या पर्यावरण आयुक्त जॅन राइट यांनी तेल-वायू खोदाईवरच्या देखरेखीचा अहवाल दिला, त्यातही या पद्धतीचा विषय घेतला. शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. चिखल कंपनीचा, परवाना परिषदेचा, अहवाल शास्त्रज्ञाचा आणि दूध नाकारलं जाणार शेतकऱ्याचं.

याच न्यूझीलंडची गांडुळांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथली मूळची गांडुळं जंगलातली. जंगल तोडून कुरणं केली तेव्हा ती हटली. इंग्लंडहून आलेल्या रोपांच्या कुंड्यांतून, मातीतून युरोपातली गांडुळं आली, पण सगळीकडे पोचली नाहीत. जिथं नव्हती तिथं मेलेल्या गवताचा न कुजलेला जाड थर साचायचा, पाणी वरून वाहून जायचं. १९४० च्या दशकाअखेरीस ओटागो भागात स्टॉकडिल या शेती खात्याच्या माणसानं गांडुळं असलेल्या कुरणातून हिरवळीचे तुकडे मातीसकट कापले आणि गांडुळं नसलेल्या कुरणात दहा-दहा मीटरवर मांडले. आपण ऊसरोपं लावतो तशी गांडुळांची लागण. काही वर्षांत प्रत्येक तुकड्याभोवती गवताचं हिरवं वर्तुळ उठलं, वर्तुळं पसरून एकमेकांना मिळाली, तो जाड थर कुजून गेला, पाणी मुरायला लागलं. गवताचं उत्पादन आधी उसळलं आणि नंतर पूर्वीपेक्षा साधारण पाव हिश्शानं जास्त असं टिकलं. डार्विननं १८८१ साली पुस्तकात लिहून ठेवलं होतं की इंग्लंडात कितीतरी ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती दरसाल गांडुळांच्या पोटातून जाते. ओटागोच्या शेतकऱ्यांनी ते हिशोबाच्या वहीत बघितलं.

त्या कुरणांत पसरलेलं गांडूळ म्हणजे मुख्यतः ॲपोरेक्टोडिया कॅलिजिनोसा. करड्या रंगाचं, मातीच्या आत राहणारं, माती खाणारं. बेडमधलं आयसेनिया ते नव्हे. १९७० च्या दशकात मार्सेल बूशे या फ्रेंच शास्त्रज्ञानं गांडुळांचे तीन गट सांगितले: वरच्या पालापाचोळ्यात आणि शेणात राहणारी, मातीच्या थरात आडवी फिरणारी, आणि खोल उभी बिळं करून रात्री वर येऊन पाला ओढणारी. आयसेनिया पहिल्या गटातलं. आपल्याकडचं उकिरड्यातलं पेरिओनिक्सही त्याच गटातलं. रानात पावसाळ्यात दिसणारं लॅम्पिटो मात्र मातीत बिळं करून राहणारं. त्याला आमच्याकडे गांडूळ म्हणतात, कुठं काडू म्हणतात, कुठं शिदोड.

मग चाचणीला आयसेनिया का घेतलं? ते भराभर वाढतं, शेणावर पाळता येतं, कुठंही मिळतं. प्रयोगशाळेची सोय म्हणून. चाचणीची मातीही बनवलेली असते: ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन चिकणमाती, १० टक्के पीट. आपल्या काळ्या रानाशी तिचं काही नातं नाही. २००४ साली ५६ दिवसांची चाचणी आली, तीत पिल्लं मोजतात. ती जास्त बरी. पुढे ४८ तासांचीही आली. डब्यात एका बाजूला चांगली माती, दुसऱ्या बाजूला कचऱ्याची, गांडूळ कुठं जातं ते बघायचं. मला ही तिसरी सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण तिथं प्रश्न सरळ गांडुळालाच विचारलेला असतो. पण प्राणी बहुतेक वेळा तोच, आयसेनिया. २०१३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी कीटकनाशकांवरच्या जुन्या चाचण्या एकत्र करून हिशोब मांडला. त्यात आयसेनिया फेटिडा हे रानातल्या गांडुळांपेक्षा, त्या ॲपोरेक्टोडियापेक्षाही, कमी नाजूक निघालं. तो हिशोब कीटकनाशकांचा होता, चिखलाचा नव्हे, हे सांगायला हवं. तरी बेडमधलं गांडूळ जगलं म्हणून रानातलं जगेल, असं धरून चालणाऱ्यानं तो वाचावा.

आपल्या देशात जमिनीवरचं तेल आसामात दिग्बोईला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालं आणि गुजरातेत अंकलेश्वरला १९६० साली. अंकलेश्वरची जमीन आपल्यासारखीच काळी, कापसाची. केंद्राच्या २००५ सालच्या नियमांत खोदाईच्या कचऱ्याचा खड्डा अभेद्य अस्तराचा हवा, बराइटमध्ये किलोला पारा १ आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं सांगितलं आहे. नियम वाईट नाही. खड्ड्याच्या काठावर कोण उभं असतं, प्रश्न तो असतो.

आता माझं. २०१६ च्या उन्हाळ्यात एका कारखान्याचा शेतकी माणूस आला. मळीच्या पाण्याचे, म्हणजे स्पेंटवॉशचे टँकर फुकट टाकून देतो म्हणाला. पोटॅश आहे, सेंद्रिय आहे, जमिनीला टॉनिक आहे. पोटॅश त्यात असतंच, तो खोटं बोलला नाही. दोन एकरांत टाकायचं ठरलं. किती टँकर, किती पाण्यात मिसळून, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पहिल्या पावसानंतर सकाळी तात्या रानातून परत आले ते म्हणाले, "कावळं का उतरल्यात रे खालच्या रानात एवढी?" जाऊन बघतो तर गांडुळं वर येऊन पडलेली. काही वळवळत होती, बरीचशी पांढरी पडलेली.

मी कारखान्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, पावसानं येतात वर, नेहमीच येतात. मलाही तेच खरं मानायचं होतं. म्हणून त्या रानातली माती घमेल्यात आणली, ओली केली, थोडं शेण घातलं आणि बेडमधली वीस गांडुळं सोडली. पंधरा दिवसांनी अठरा जिवंत. मी तात्यांना घमेलं दाखवलं. ते म्हणाले, "ही उकिरड्यातली हाईत. रानातली आणून सोड." ती मी आणून सोडली नाहीत, कारण त्या दोन एकरांत आणायला शिल्लक नव्हती आणि वरच्या रानातली खणायचा मला धीर झाला नाही. मी जो प्रयोग केला होता तो ओईसीडीच्या चाचणीचा गावठी अवतार होता, हे मला कैक वर्षांनी कळलं. आणि शेण घालून तो मीच पास करून दिला होता.

तेव्हापासून मोजतो. जुलैत, चांगली ओल असताना, फूटभर लांब, फूटभर रुंद, वीतभर खोल खड्डा, माती गोणपाटावर काढून हातानं निवडायची. खोल बिळातली बघायची असतील तर मोहरीची पूड पाण्यात कालवून खड्ड्यात ओतायची, ती झोंबून वर येतात. मोजल्यावर साध्या पाण्यात धुऊन परत सोडायची. हॉलंडमध्ये समुद्र हटवून केलेल्या नव्या जमिनीत केलेल्या नोंदी सांगतात की गांडूळ वर्षाला काही मीटरच पुढं सरकतं. माझं रान बांधापासून मधोमध चाळीस मीटर आहे. पहिली दोन वर्षं सगळे खड्डे रिकामे. मग बांधाकडून सुरुवात झाली. मधल्या काळात शेणखत, ताग, आच्छादन जे जमेल ते केलं आणि बांध पेटवणं बंद केलं, कारण बियाणं तिथंच उरलं होतं.

यंदा सहा खड्डे काढले. बांधालगतच्या दोहोंत अकरा आणि नऊ. पंधरा मीटरवरच्या दोहोंत पाच आणि चार. मधल्या एकात काहीच नाही, दुसऱ्यात एक, करडं, पेन्सिलीएवढं. तात्या आता रानात येत नाहीत. ते एक मी डब्यात घालून घरी नेलं, त्यांना दाखवलं आणि संध्याकाळच्या आत परत त्याच खड्ड्यात सोडून आलो.